लक्ष्मणराव किर्लोस्कर: यंत्राआधी जागा बघणारा माणूस

आजचा लेख मायटर सॉच्या स्टँडपासून सुरू होतो आणि तिथून थेट १८८८ सालच्या बेळगावात जातो. दोघांचा काय संबंध, असं वाटेल. मलाही आधी दिसला नव्हता, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

झालं असं की रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू होतं. मायटर सॉ म्हणजे लाकडाची पट्टी, मोल्डिंग किंवा अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शन हव्या त्या कोनात कापणारं मशीन. आमचे सुतारकाका ते जमिनीवर ठेवून कापायचे आणि दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे रचून पट्टीची उंची जुळवायचे. दिवसभर उकिडवं बसायचं, कापायचं, उठायचं, परत बसायचं. संध्याकाळी कंबर धरूनच घरी जायचे. त्यांना स्टँड घ्यायचा होता. मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे मोबाईलवर शोधायचं काम माझ्याकडे आलं.

नवीन फोन घेताना मी जे करतो तेच केलं. रेटिंग बघितलं, किती वजन पेलतो ते बघितलं, चाकं आहेत का, बाजूचे हात किती लांब सरकतात ते बघितलं, आणि सगळ्यात भारी दिसणारा चाकांचा स्टँड सुचवला. काकांनी विश्वासाने घेतला. त्यांचं पुढचं काम तिसऱ्या मजल्यावर होतं. वॉचमनने सामान लिफ्टमधून नेऊ दिलं नाही. स्टँड आणि मशीन मिळून पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास सिमेंटचं एक पोतं. जिन्याच्या पहिल्याच वळणावर सगळं अडकलं. स्टँड पार्किंगमध्ये राहिला आणि मशीन परत प्लायच्या तुकड्यांवर गेलं. पैसे काकांचे अडकले, चूक माझी होती.

मी मशीनचे आकडे बघितले, पण मशीन जिथे जाणार होतं ती जागा बघितली नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. गावाकडे विहिरीवरच्या पंपावर हे नाव आपण सगळ्यांनी वाचलंय. पण त्या नावामागचा माणूस आधी काय करत होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. चला तर मग, त्यांचीच गोष्ट बघूया.

रंग हुकले, रेषा सापडली

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचं मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाचा आधार दिला आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक विचित्र गोष्ट कळली. त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते. चित्रकार व्हायला आलेल्या पोराला रंगच दिसत नाहीत! आजच्या भाषेत सांगायचं तर ज्या करिअरसाठी घर सोडलं त्याचा दरवाजाच बंद झाला. पण हात चांगला होता, रेषा पक्की होती. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. त्यात रंग लागत नाहीत. माप लागतं, कोन लागतो आणि समोर नसलेली वस्तू तिन्ही बाजूंनी डोळ्यांपुढे आणता यावी लागते. आपल्यातल्या ज्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शीटवर रात्री जागवल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते यांत्रिक ड्रॉइंग शिकवू लागले. शिकवून झालं की घरी जायचं, असा त्यांचा स्वभाव नव्हता. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं स्वतः चालवायची, उघडायची, समजून घ्यायची. कागदावरचं यंत्र आणि हाताखालचं यंत्र यांत किती फरक असतो, हे त्यांना तिथे कळत गेलं.

सायकलचं दुकान

१८८८ साली किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय सुरू झाला, तो बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईत नोकरीला, रामूअण्णा बेळगावात. हा मुंबईहून सायकली पाठवणार, तो तिकडे विकणार. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती. विकत घेणाऱ्याला ती चालवता येईलच असं नव्हतं, त्यामुळे चालवायला शिकवणं हाही धंद्याचाच भाग होता.

ही बाब मला महत्त्वाची वाटते. वस्तू विकली की काम संपलं, असं होत नाही. घेणाऱ्याला ती त्याच्या रस्त्यावर, त्याच्या अंगणात वापरता आली तरच ती विकली गेली म्हणायचं.

काही वर्षांनी मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांची बढतीची वेळ आली, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. आता पूर्ण वेळ धंदा.

कडबा कापायचं यंत्र

बेळगावात त्यांनी जी शेतीची अवजारं बनवायला घेतली, त्यात सुरुवातीला होतं कडबा कापायचं यंत्र. तुमच्या गावात गोठा असेल तर हे यंत्र तुम्ही बघितलं असेल. मोठं चाक, चाकाच्या आऱ्यांना लावलेली वाकडी पाती, हाताने फिरवायचा दांडा. एका बाजूने कडबा सारायचा, दुसऱ्या बाजूने बारीक कुट्टी पडते. गुरं अख्खा कडबा टाकला तर बुडखे तसेच सोडतात, कुट्टी केली तर चारा वाया जात नाही.

आता इंजिनिअरच्या नजरेने हे यंत्र परत बघा. लक्ष जातं पात्याकडे. पण पात्याइतकीच महत्त्वाची आहे ती कडबा ठेवायची लांब गव्हाण आणि खालचे चार पाय. गव्हाण नसेल तर चार-पाच फुटांची लांब ताटं खाली लोंबतील, पात्यापाशी वर उचलली जातील आणि कापणाऱ्याचा हात पात्याजवळ जाईल. पाय डगमगले तर जड चाक फिरताना सगळं यंत्र नाचेल. म्हणजे धार पात्याला असते, पण काम सुरळीत होतं ते आधारामुळे.

मित्रांनो, मायटर सॉचा स्टँड म्हणजे दुसरं काय? मधे कापणारं मशीन, दोन्ही बाजूंना लांब पट्टीला आधार देणारे हात, खाली पाय. आकार बदलला, वीज आली, तत्त्व तेच राहिलं.

नांगर विकायला दोन वर्षं

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले. तोपर्यंत आपल्याकडे लाकडी नांगर होता, फक्त फाळ लोखंडाचा. तो जमीन चिरतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या वर वाकवलेला पत्रा असतो. तो खालची माती उचलून उलटी टाकतो. हरळीसारखं खोल मुळांचं तण उपटायला त्याचा मोठा उपयोग. इंग्लंडहून येणारे रॅन्सम कंपनीचे नांगर बाजारात होते. तसा नांगर इथेच बनवायचा, असं लक्ष्मणरावांनी ठरवलं.

नांगर बनला. पण घेणार कोण? लोखंडामुळे जमिनीत विष पसरेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जायला जवळपास दोन वर्षं लागली. भांडवल अडकलेलं, माल पडून. आज एखादं अ‍ॅप लाँच केलं आणि दोन वर्षं कुणी डाउनलोडच केलं नाही, तर आपण काय करू? बहुतेक जण बंद करून मोकळे होतील.

आपण बऱ्याचदा ही गोष्ट शेतकऱ्यांच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो. मला ती तशी वाटत नाही. शेतकऱ्याचं वर्षभराचं पोट त्या जमिनीवर. नांगर चुकला तर कंपनी पैसे परत देईल, पण गेलेला हंगाम कोण परत देणार? तो शंका घेणारच. त्या शंकेला उत्तर कागदावरचं ड्रॉइंग देऊ शकत नव्हतं. ते शेतातच मिळणार होतं. नांगर मातीत चालला, पीक नेहमीसारखं उभं राहिलं, तण कमी झालं, हे एकाने बघितलं की शेजाऱ्यापर्यंत पोहोचतं. त्या दोन वर्षांनंतर हळूहळू मागणी आली आणि पुढे किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्रभर ओळखीचा झाला.

कारखान्याचीच जागा गेली

धंदा जरा मार्गी लागतोय तोच वेगळंच संकट आलं. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी हवी झाली. मशीन, माणसं, साचे, सगळं घेऊन जायचं तरी कुठे?

त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात बांधकामाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा चांगला परिचय होता. त्यांनी मदतीचा हात दिला. संस्थानाच्या हद्दीत कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळरान मिळालं आणि दहा हजार रुपयांचं कर्ज उभं राहिलं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे.

जागा कशी होती? निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई. सोबत आले साधारण २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. आज आपण साइट म्हणतो ना, तशी ही साइट होती. फरक इतकाच की इथून संध्याकाळी घरी जायचं नव्हतं, घरंच इथे बांधायची होती. पण या उजाड माळाला एक गोष्ट होती: शेजारी रेल्वे. लोखंड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर पाठवायचे, तर हे वजन बैलगाडीवर किती लांब नेणार? रिकामं माळरान साफ करता येतं, रूळ मात्र आपल्या दारात आणता येत नाहीत.

वाडीत लक्ष्मणरावांनी माणसंही नेहमीच्या चाळणीतून निवडली नाहीत. समाजाने ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, अशांनाही राखणीचं काम दिलं. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम होता. ज्या काळात विहिरीसुद्धा वाटलेल्या होत्या, त्या काळात हे सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. तोफेचा नांगर, यापेक्षा चांगला रिसायकलिंगचा किस्सा मला माहीत नाही.

खबर, पंप आणि पुढची पिढी

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. सुरुवातीला त्याचं काम साधं होतं: कारखान्यात काय चाललंय, कुठलं अवजार काय करतं, हे गिऱ्हाइकांना त्यांच्या भाषेत सांगणं. म्हणजे आपण या साइटवर जे करतो, तेच शंभर वर्षांपूर्वी छापील कागदावर. पुढे ते मराठीतलं एक मोठं मासिक झालं.

१९२६ साली वाडीत पाण्याचा पंप तयार झाला. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परत आला आणि कारखान्यात रुजू झाला. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. रहाटणीहून पुण्याकडे निघालात की दापोडीनंतर नदी ओलांडली की खडकीच येते. आपल्या पट्ट्यात नंतर जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या आधीची ही एक पायरी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. ज्याला रंग नीट दिसत नव्हते, त्याचंच चित्र देशभर पत्रांवर फिरलं.

मग स्टँड कसा निवडायचा?

आता परत रहाटणीत येऊ. या वेळी मी मोबाईल खिशात ठेवला आणि काकांसोबत दोन दिवस साइटवर बसलो. मग खालचे पाच मुद्दे तयार झाले. तुमच्या घरी काम चालू असेल किंवा घरातलं कुणी या धंद्यात असेल, तर हे नक्की कामी येतील.

१. वर कोण नेणार? स्टँडचं वजन एकट्याने जिन्यावरून नेता येईल एवढं हवं. सामान लिफ्टमधून नेता येतं का, हे सोसायटीत आधी विचारा. बहुतेक दिवस वरच्या मजल्यांवर काम असेल, तर मशीन वेगळं आणि हलका घडीचा स्टँड वेगळा, अशा दोन फेऱ्या परवडतात. चाकांचा स्टँड तळमजल्याला किंवा मोकळ्या साइटवर छान.

२. मशीन आणि माल मिळून किती वजन? स्टँड पेलतो त्या आकड्यात दोन्ही मोजायचं. दहा इंची मशीन साधारण १२ ते २० किलोचं असतं, बारा इंची त्याहून जड. वरून लाकडाचं वजन. काठोकाठ आकडा धरून स्टँड घेऊ नका.

३. सगळ्यात लांब तुकडा किती? बारा फुटी सेक्शन कापायचं असेल तर बाजूचे हात तेवढा आधार देतात का बघा. आधार नसेल तर बाहेरचं टोक खाली लोंबतं, पात्याजवळचं टोक वर उचललं जातं, कोन चुकतो आणि तुकडा उडू शकतो. उलट आधार मशीनच्या बैठकीपेक्षा उंच असेल तर काप वरून मिटतो आणि पातं आवळलं जातं. म्हणून आधाराची उंची कमी-जास्त करता यायलाच हवी. मशीनच्या बैठकीवर सरळ पट्टी ठेवून दोन्ही बाजूंची उंची आधी जुळवा, मग कापा.

४. खाली फरशी कशी आहे? नवीन बिल्डिंगमध्ये टाइल्स बसायच्या आधी जमीन ओबडधोबड असते. निदान एका पायाची उंची स्क्रूने बदलता आली पाहिजे. मशीन लावायच्या आधी स्टँड हाताने जोरात हलवून बघा. डगमगला तर तिथेच थांबा.

५. मशीन बसतं का, आणि किती वेळात सुटतं? स्टँडच्या पकडी आपल्या मशीनच्या भोकांना जुळतात का ते मोजून घ्या. पकडीचा नट झिजला तर तो इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल का, हेही बघा. एका नटापायी आठवडाभर काम थांबणं कुठल्याच सुताराला परवडत नाही.

आणि हो, स्टँड कितीही चांगला असला तरी पातं पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलायचा नाही. चष्मा लावायचाच.

काकांनी शेवटी साधा, घडीच्या पायांचा हलका स्टँड घेतला आणि बाजूला उंची बदलता येणारे दोन सुटे रोलर. आता ते उभं राहून कापतात. तो पहिला चाकांचा स्टँड काळेवाडीत खिडक्यांचं काम करणाऱ्या एकाने घेतला. त्याचं शॉप तळमजल्यावर, दारात टेम्पो लागतो. त्याच्याकडे तो झकास चालतोय. म्हणजे स्टँड वाईट नव्हताच, मी त्याला चुकीच्या जागी पाठवलं होतं. काकांना त्यात जो तोटा झाला तो मी भरून दिला. त्यांनी आधी नको म्हटलं, मग चहा पिता पिता घेतले.

पुढच्या वेळी घरी कुणी मशीन, पंप किंवा अगदी मिक्सर शोधायला सांगितला, तर रेटिंग उघडायच्या आधी एकदा जिना मोजा, सॉकेट बघा आणि ते रोज उचलणार कोण आहे, हे विचारा. भेटूया पुढच्या लेखात!